आधी स्पीकर

माझा भाऊ ॲन्सेल्म फार हुशार आहे, असं आमची सगळी आळी म्हणते. म्हणू देत बापडे.

त्याच्याकडे पप्पांचा जुना रेकॉर्ड प्लेअर आहे आणि एक रेकॉर्ड. गावातल्या बायकांची लग्नाची गाणी कुणीतरी हौसेनं त्यावर भरून घेतली होती. पहिलं गाणं आईचं, एकटीचं. आई जाऊन बरीच वर्षं झाली, तिचा आवाज तेवढाच उरलेला. दुसरी प्रत कुणाकडे नाही. मोबाईलवर उतरवून ठेव म्हटलं, तर म्हणे, "आधी सिस्टीम चांगली होऊ दे, मग उतरवू."

त्याच्या लेकीचं, ब्रिटनीचं लग्न ठरलं. मांडवाच्या दिवशी नातीसाठी आजीनंच गायचं, हे यानं परस्पर ठरवून टाकलं. पण आवाज घोगरा यायचा, म्हणून सगळं नवं घ्यायची टूम निघाली.

माझ्या नवऱ्याला, गॉडफ्रेला, त्यातलं कळतं. तो म्हणाला, "आधी सुई बदल. बाकीचं नंतर."

"सुई कोण बघतंय, भावोजी? मांडवात स्पीकर दिसला पाहिजे!"

झालं! कमरेएवढे स्पीकर आले. ते तपासायचे कशावर? आईच्या गाण्यावर. गाणं संपलं की सुई उचलायची, परत पहिल्यापासून. मग ॲम्प्लिफायर आला, परत आई. शेजारी आले, लाव आईला. व्याही आले, लाव आईला.

"अरे, झिजलेली सुई रेकॉर्ड खाते," गॉडफ्रे सांगून दमला.

"पप्पांच्या वेळेपासून चालतेय. आत्ताच काय धाड भरली तिला?"

मीही ओरडले. ऐकतोय कसला!

आवाज फारच बसला तेव्हा कुठे नवी सुई मागवली. ती आली मांडवाच्या दिवशी. गॉडफ्रेनं बसवली आणि एकदा लावून बघ म्हणाला. "आता सगळ्यांसमोरच," ॲन्सेल्म म्हणाला.

संध्याकाळी मांडव भरला. ब्रिटनी पुढ्यात बसली. ॲन्सेल्मनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि सुई ठेवली.

खरखर. मोठ्या स्पीकरमधून, अगदी स्वच्छ खरखर. मध्ये एक सूर आईचा वाटला, तोही बुडाला. बाकी काही नाही.

मग दुसरं गाणं सुरू झालं, शेजारच्या लुसीमावशीचं. ते आमच्या घरात कधी कुणी लावलंच नव्हतं. खणखणीत! तिनं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. तिच्या सुना रडायला लागल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"काय सिस्टीम आहे रे, ॲन्सेल्म!"

तो हसला, मान डोलावली. एक ठेवून द्यावीशी वाटली मला. माझीपण आई होती ती.

लोक जेवायला उठले तसा तो माझ्याजवळ आला.

"बाय, आईचं गाणं आठवतं तुला?"

शब्द सगळे आठवत होते. आवाज आठवेना.