दोन मुठींचा ओलोंका

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. पण नुसता डबा म्हणालात तर याद राखा! मी ओलोंका आहे, मक्याचं माप. आमच्या टेचीमन गावच्या बाजारात किलोने कुणी विचारत नाही. "किती ओलोंका?" असंच विचारतात.

कुमासीच्या एका पत्रेवाल्याने मला तेलाच्या जुन्या पिंपातून कापलं, ठोकलं आणि डाग देऊन बूड जोडलं. मका विकणाऱ्या मामे अफ्राकोमाने टिचकी मारून पाहिली आणि ती म्हणाली, "आवाज खणखणीत आहे, हाच दे." त्या एका वाक्यावर मी कित्येक वर्षं फुगून होतो.

काय दिवस होते ते, मित्रांनो! मक्याच्या पिठाचे केंके उकडणाऱ्या बायका, कोंबड्या पाळणारे, नायजरहून आलेले ट्रकवाले, सगळे माझ्यापुढे उभे असत. सेडीच्या नोटा बदलल्या. पुढे नोटाही कमी झाल्या आणि पैसे आले की फोन टुणटुण वाजू लागले. मका मात्र माझ्यातूनच जायचा. देश कसा चाललाय यावर राजधानीत म्हणे सभा भरतात. मला विचारा ना! पाऊस नीट झाला की मला दुपारपर्यंत खाली ठेवत नसत, आणि नाही झाला की माझ्यात कोळी जाळं विणायचा.

आमच्याकडे माप भरलं की वर एक मूठ जास्त घालतात. तिला न्तोसो म्हणतात. न्तोसो न मागणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय.

एकदा मी ट्रकच्या फाळक्यावरून दगडावर पडलो आणि माझं बूड आत गेलं. पत्रेवाला म्हणाला, "ठोकलं तर डाग सुटेल." मामेने मला शेजारच्या मापाशी ताडून पाहिलं. बरोबर एक मूठ मका कमी मावत होता. तेव्हापासून ती दोन मुठी घालू लागली: एक माझ्या पोच्याची, एक न्तोसोची. नवा डबा घेईन घेईन म्हणता सात वर्षं गेली. पोच्याचं तिने कुणाला सांगितलं नाही. मीही गप्प राहिलो. लाज वाटायची हो!

आणि मग तो दिवस आला. राजधानीतून दांसोवा नावाची सरकारी बाई आली. देशात काय पिकतं, काय विकतं, याचं मोठं पुस्तक निघणार होतं आणि त्यासाठी तिला आमची मापं तोलायची होती. माझं नाव पुस्तकात! माझा पत्रा नुसता थरथरत होता.

"मामे, वरचं सपाट करा," दांसोवा म्हणाली. "काठोकाठ पाहिजे, ढीग नको."

"सपाट? असं कुणी विकतं का?"

"कागदावर तसंच लिहिलंय."

मामेने हाताने मका सपाट केला. मला काट्यावर ठेवलं. शेजारच्या पोकुआचं माप नुकतंच तोललं होतं. काटा त्याच्या पुष्कळ अलीकडेच थांबला.

पोकुआने झडप घालून मला उलटं केलं. मका सांडला, पोचा सगळ्यांना दिसला. "बघा गं बायांनो! तोंडाने गोड आणि बुडाने खोटी!"

बाजाराचा नियम साधा होता: बूड दाबलेलं माप दगडाने ठेचायचं, आणि मालकिणीने पुढचं पीक येईपर्यंत बाजारात बसायचं नाही. मामेची तीस वर्षांची जागा! मक्याची राणी, म्हणजे आमच्या सगळ्या विक्रेत्या बायांची मुख्य, नाना चेरा उठली. तिच्या हातात दगड होता. मी इतका घाबरलो की माझी कडी आपोआप वाजली.

"नाना," मामे म्हणाली, "दगड मारा, पण आधी मी विकते तसं तोला. ही बाई बघते तसं नको."

"मग आजवर गप्प का बसलीस?"

"सांगितलं असतं तर विश्वास ठेवला असतात?"

नाना चेराने मला तिच्याकडे ढकललं. "भर," ती म्हणाली.

मामेने मला भरलं. एक मूठ. आणखी एक मूठ. मूठ तीच, गच्च भरलेली. काटा सरकला, मित्रांनो, सरकला! पोकुआच्या सपाट मापाला ओलांडून पुढे गेला!

"आता तू भर," नाना चेरा पोकुआला म्हणाली, "नेहमीसारखं." पोकुआने भरलं आणि वर बोटांच्या टोकांनी मका शिंपडला.

"हे न्तोसो?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "अगं, भाजीत मीठ घालतेस का?"

काय हशा पिकला! नाना चेराने दगड खाली टाकला. दांसोवाने कागद उलटसुलट केला. "न्तोसोला रकानाच नाही," ती पुटपुटली. मग तिने पेनने समासात नवा रकाना आखला आणि आमची सगळी मापं मुठीसकट पुन्हा तोलली.

पण जगाची रीत बघा. नाना चेराने मामेला ताकीद दिली, "नवा डबा घे." नवा आला, चकचकीत, सपाट बुडाचा. मी कोपऱ्यात गेलो. माझ्यात मिरच्या ठेवत. मला रडू यायचं ते मिरच्यांमुळे, असं मी स्वतःला सांगायचो.

चौथ्या दिवशी मामेपुढे ट्रकतळापर्यंत रांग लागली. दुपार व्हायच्या आत पोती रिकामी! तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. डबा नवा होता, हात जुनाच होता. तो अजून दोन मुठी घालत होता.

"नाना!" ती ओरडली. "माझा म्हातारा मला परत द्या, नाहीतर हा हात मला बुडवणार!"

नाना चेरा पोट धरून हसली. तिने माझ्या अंगावर खडूने दोन मुठी काढल्या, या मापावर दोन मुठी पडतात हे सगळ्यांना कळावं म्हणून. मिरच्या ओतल्या गेल्या, मका आला.

मित्रांनो, एखादं जुनं भांडं टाकून देण्याआधी त्याला उलटं करून जरूर बघा. पण ते ज्या हाताने भरलं जातं, तो हातही एकदा बघा. आता सरका बघू बाजूला, गिऱ्हाईक खोळंबलंय!