दारावरचा ओला पंचा

आनंदरावांचा पंचा आणि भावनाचा वायपर, या दोहोंचं भांडण अख्ख्या फ्लॅट स्कीमला ठाऊक होतं. नागपूरच्या बेसा रोडवरच्या त्या नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. एकात आनंदराव, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, बायको यमुताई गेल्यापासून एकटे, मुलगा उन्मेष पुण्याला. दुसऱ्यात भावना, भिवापूरची मुलगी, लग्न होऊन इथं आलेली. नवरा विक्की बुटीबोरीला कंपनीत, सकाळी जातो तो दिवेलागणीलाच उगवतो. उन्हाळा लागला की आनंदराव जेवण आटोपून एक सुती पंचा बादलीत बुचकळायचे आणि दाराच्या बाहेरच्या कडीला लटकवायचे. त्याचं पाणी टपटप गळायचं आणि सरळ भावनाच्या पायपुसण्याखाली जायचं. फरशी कोणत्या शहाण्यानं बसवली देव जाणे, उतार नेमका तिच्या दाराकडे होता.

एकदा तिनं सांगून पाहिलं की काकाजी, पंचा आत गॅलरीत वाळत घाला ना. झालं, म्हातारा बिथरलाच.

"वाळत नाही घालून राहिलो मी," ते म्हणाले, "ओला ठेवून राहिलो. हा पंचा कोरडा दिसला का समज, म्हातारा गेला. मग पूस फरशी निवांत."

एवढं बोलून त्यांनी धाडकन दार लावून घेतलं. गोड बोलणं या माणसाला कधी जमलंच नाही. त्या घरातलं सगळं गोड बोलणं यमुताई एकट्या बोलून गेल्या होत्या. भावनानंही मग नाद सोडला. रोज दुपारी वायपर घेऊन बाहेर यायचं, पाणी ओढायचं, पुटपुटायचं आणि आत जायचं.

पंचा मुळात यमुताईंचा. जुनी शुक्रवारी भागातल्या एका गल्लीत कवेलूच्या छपरांच्या घरांची ओळ होती, तिथं त्यांचा संसार झाला. मे महिन्यात जेवणं झाली की सगळी दारं बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. अशाच एका दुपारी कोपऱ्यावरच्या मीराबाई, एकट्याच राहायच्या बिचाऱ्या, बंद दाराआड ऊन लागून गेल्या. ऊन लागायला उन्हात जावं लागतं अशीच तोवर सगळ्यांची समजूत. संध्याकाळी नळावर त्यांची घागर दिसली नाही, तेव्हा कुठं गल्लीला कळलं. तेरावं झालं आणि यमुताईंनी बायांना अंगणात बसवून ठरवूनच टाकलं. दुपारी प्रत्येक दारावर ओला पंचा लागलाच पाहिजे. नागपूरच्या झळांत तो बघता बघता वाळतो, तर घरातल्यानं उठून पुन्हा ओला करायचा, त्या निमित्तानं स्वतःही घोटभर पाणी प्यायचं. ओला पंचा गप लोंबतो, कोरडा फडफडतो. फडफड ऐकू आली की शेजाऱ्यानं जाऊन दार वाजवायचं, मग झोपमोड झाली तर झाली.

काय दिवस होते ते! वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायची पोरांची पाळी लागलेली, प्रत्येकाच्या खिशात कांदा, उन्हं कलली की अंगणात सडा आणि मग खाटा बाहेर. गल्लीत पुन्हा कोणी मीराबाईंसारखं गेलं नाही. गंमत अशी की जिनं ही रीत घातली, तीच विसरायची. दूध कधी उतू न जाऊ देणारी बाई, आपल्या दारावरचा पंचा मात्र दर दोन-चार दिवसांनी विसरायची. मग समोरचे भैयाजी काठी आपटत यायचे. हे भैयाजी बायको गेल्यापासून माणसांतून उठलेले, दारं-खिडक्या लावून आत बसायचे. पण पंचा फडफडला की तरातरा यायचे आणि यमुताईंना भरपूर झापायचे. यमुताई खालमानेनं ऐकून घ्यायच्या, पन्हं द्यायच्या, आणि बोलता बोलता भैयाजी उन्हं कलेपर्यंत बसायचे. आनंदराव ऑफिसातून आले की बायकोला चिडवायचे, मास्तरीणबाई स्वतःच नापास! त्या नुसत्या हसायच्या.

ते हसू आनंदरावांना अजूनही आठवायचं. ओळ पाडून तिथं दुकानं झाली, भैयाजी गेले, यमुताई गेल्या. राहिला तो पंचा. या इमारतीत त्याच्याकडे कोणी बघणार नाही हे त्यांना चांगलं कळत होतं. तरी ते लटकवायचे, कारण ओल्या पंच्याचा वास यमूच्या दुपारींचा होता.

उन्मेष मात्र पुण्याहून रोज फोनवर तेच टुमणं लावायचा. बाबा, ऊन दरवर्षी वाढतंय, तुम्ही एकटे, काही झालं तर मी तुमचं काही एक ऐकणार नाही, उचलून पुण्याला आणीन. आनंदराव म्हणायचे, मले काय धाड भरली? पुण्यात ऊन तरी पडते का धड?

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. आता अस्सल नागपूरकराची एक खोड असते, त्याला आपल्या उन्हाचा गर्व असतो. दुसऱ्या गावच्या माणसानं हुश्श केलं की याची छाती फुगते, आणि मग तो भर दुपारी उघड्या डोक्यानं फिरून दाखवतो. आनंदरावांना त्या दिवशी आठवलं की कूलरला नुसता भुसा आहे, खरा वाळा हवा. यमूला वाळ्याशिवाय चालायचं नाही. ते बारा वाजता पिशवी घेऊन निघाले लकडगंजला. लिफ्टजवळ भावना भेटली. तिनं मोबाइलवरची सूचना वाचून दाखवली, बारा ते चार घराबाहेर पडू नका, म्हाताऱ्यांनी तर मुळीच नाही. निदान दुपट्टा तरी बांधा म्हणाली.

"मी सत्तेचाळीस डिग्रीत लग्नाच्या पंगती वाढल्या वं," आनंदराव म्हणाले आणि गेले.

वाळा मिळाला, पण दोन-तीन दुकानं फिरून. परत आले तर लाइन गेलेली, लिफ्ट बंद. वाळ्याचा भारा खांद्यावर घेऊन तीन मजले चढले. दारात भारा अडकला तो तसाच सोडून खुर्चीत बसले. जरा दम खाऊन कडीवरचा कालचा पंचा ओला करू, असं मनाशी म्हणाले. अंगाला घाम नव्हता, हे त्यांना बरंच वाटलं. मग समोरची भिंत हलायला लागली. पंचा बाहेर फडफडत होता आणि त्यांना वाटलं, यमू उठेल, करेल ओला.

पलीकडे भावना रोजच्या सवयीनं वायपर घेऊन बाहेर आली. पाहते तर फरशी कोरडी ठणठणीत. एरवी ती सुटल्यासारखी आत गेली असती, पण वायपर हातात धरून तिथंच थबकली. वर पाहिलं तर पंचा कोरडा होऊन वाऱ्यावर उडत होता. भारा ओलांडून ती आत घुसली. माहेरी आरोग्य खात्याच्या आशाताईंनी शिकवलेलं तिच्या डोक्यात पक्कं होतं, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, आधी अंगावर ओतायचं. तिनं बादलीच्या बादली रिकामी केली, फ्रिजमधला बर्फ काखेत आणि मानेवर दिला, तोच पंचा भिजवून डोक्याला गुंडाळला, पुठ्ठ्यानं वारा घातला आणि दुसऱ्या हातानं ॲम्ब्युलन्स बोलावली. थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

उन्मेष धावत आला. रागावला नाही, त्यानं बापाचा हात धरून नुसतं विचारलं, आता तरी येता ना बाबा? आणि आनंदरावांनी मान हलवली. कोणाला पटलं नसतं, पण हलवली. त्यांचा गर्व त्या खुर्चीतच राहून गेला होता. बापाला घरी आणून सोडलं आणि रजा संपली म्हणून उन्मेष परत गेला, रविवारी न्यायला येतो म्हणाला. तो गेल्यावर भावनानं आपली नारंगी ओढणी भिजवून स्वतःच्या दाराला लावली आणि काकाजींना सांगून गेली, आता तुम्ही माझ्यावर लक्ष ठेवा, विक्की संध्याकाळीच येते, मलेही भोवळ येते कधी कधी. आनंदराव बरं म्हणाले आणि दार लावून घेतलं. पंचा त्यांनी घडी करून बॅगेत टाकला, यमूच्या फोटोवर. जेवणाचा डबा भावना आणायची, तो घेण्यापुरतं दार उघडायचं, पुन्हा बंद. पुण्यात कोणाच्या दारावर काय पाहायचं, असं त्यांच्या मनात यायचं आणि मग झोप लागायची नाही.

शनिवारी दुपारी ते पडून होते. बाहेरून आवाज आला, फड, फड, फड. त्यांनी कूस बदलली. आवाज थांबेना. मग एकदम ते उठून बसले. पोरीनं सांगितलं होतं भोवळ येते म्हणून, आणि आपण बरं म्हणालो होतो. अनवाणी धावले आणि समोरच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारू लागले.

दार उघडलं. भावना धडधाकट उभी होती.

"ओढणी कोरडी काहून आहे?" त्यांचा आवाज फुटला. "जीव गेला असता ना माझा. एवढी साधी गोष्ट विसरते का कोणी?"

"विसरले जी काकाजी," ती खालमानेनं म्हणाली. "या, बसा."

आणखीही बरंच बोलून घेतलं त्यांनी. बसले, धापा टाकल्या, हल्लीच्या पोरींना कशाचं गांभीर्य नाही इथपर्यंत गेले. भावनानं सगळं ऐकून घेतलं. समोर टेबलावर पन्ह्याचे दोन पेले होते. आनंदरावांनी एक उचलला आणि त्यांचा हात थांबला. पेले मघापासून भरलेले होते, बाहेरून पाणी सुटून टेबलावर ओघळलं होतं. घरात भावना एकटी होती आणि पेले दोन होते.

त्या पेल्याकडे बघता बघता त्यांना सगळं आठवलं. खालमानेनं ऐकून घेणारी यमू, काठी टेकून पन्हं पिणारे भैयाजी, आणि आपण केलेली थट्टा. इतकी वर्षं एका घरात राहून आपल्याला कळलं नाही.

"विसरत नव्हती ती," आनंदराव म्हणाले. "माझी यमू कधीच विसरली नव्हती वं."

भावनाला त्यातलं काही कळलं नाही. म्हातारा रडतो आहे एवढं कळलं, म्हणून ती जवळ बसली. जरा वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि तिथूनच उन्मेषला फोन लावला.

"उद्या ये, पण मले न्यायला नको येऊ," ते म्हणाले. "येताना दोन चांगले दुपट्टे आण. बारा ते चार मी आता बाहेर पडत नाही, हे लिहून घे पाहिजे तर. पण मी इथंच राहीन. समोर एक ओढणी आहे, तिच्याकडे कोण पाहील?"

पन्हं संपवून ते उठले. भावनाच्या बादलीत ओढणी बुचकळून त्यांनी तिच्या कडीला लावली, मग घरी जाऊन बॅगेतला पंचा काढला आणि तोही ओला केला. दोन्हींचं पाणी टपटप गळून मधल्या फरशीवर एक झालं. त्या दुपारी ते पुसायला कोणी उठलं नाही.