वहीतली व्याजस्तुती

मी दोनशे पानांची एक वही. साहित्यातल्या संज्ञा, अलंकार आणि समीक्षेचे प्रकार, एवढंच माझ्यात लिहिलेलं आहे. बोलायचा आता कंटाळा येतो, पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

नाशिकच्या एका कॉलेजात एम.ए. मराठी करताना योगिनीनं मला लिहिलं. व्याख्या निळ्या शाईत, उदाहरणं लाल. ती पास झाली आणि मी समाधानकडे गेले, मग तृप्तीकडे. सगळ्यांनी मला पाठ केलं. बसमध्ये डोळे मिटून रस, ध्वनी, वक्रोक्ती, स्त्रीवादी समीक्षा असं पुटपुटायचे आणि पेपर झाला की विसरायचे.

मग आली सुरगाण्याकडची रोशनी. तिची आई सगुणाबाई दरवर्षी निफाडला द्राक्षतोडणीला येते. त्या वर्षी आईचा हात दुखावला, म्हणून रोशनीही बागेत कामाला गेली. तास बुडाले. तोंडी परीक्षा जवळ आली. "नाय जमलं तर सोडून देईन," असं ती आईला म्हणाली होती.

एका दुपारी बागेत तोडणीच्या बायांबरोबर जेवताना ती मला मांडीवर घेऊन बसली होती.

"काय वाचते गं?" आईनं विचारलं.

"व्याजस्तुती. वरून स्तुती, आतून निंदा."

सगुणाबाईनं भाकरी मोडली. "म्हंजे आपला मुकादम लय मायाळू. सावलीत आपण गारठू नाय म्हणून उन्हात जेवाया बसवतो."

बाया खळखळून हसल्या. रोशनी मात्र आईकडे बघतच राहिली.

परीक्षेत बाहेरून आलेल्या बाईंनी नेमकी व्याजस्तुतीच विचारली. रोशनीनं माझ्यातलं लाल शाईतलं उदाहरण घडाघडा म्हणून दाखवलं.

"हे सकाळपासून सगळे सांगतायत. तुझं सांग."

रोशनीनं मान खाली घातली. आता संपलं, असं मला वाटलं. मग मान वर न करताच तिनं मुकादमावरचं वाक्य सांगितलं. बाई आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

"कुणाचं वाक्य?"

"माझ्या आईचं. ती निफाडला द्राक्षं तोडते."

"मान वर करून सांग."

तिनं सांगितलं. ती पास झाली. संध्याकाळी तिनं माझ्यातलं जुनं उदाहरण खोडलं, आईचं लिहिलं आणि पानाच्या अगदी खाली नाव घातलं: सगुणाबाई.

आज मी कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात पडून आहे. शिवण उसवली आहे, कडा काळ्या पडल्या आहेत. झेरॉक्स काढताना पानाची खालची ओळ कापली जाते, त्यामुळे ते नाव कुणाच्याच प्रतीत येत नाही. नवी मुलं मुकादमावरचं ते वाक्यही डोळे मिटून पाठ करतात.

मी थकले आहे. मला रद्दीत घाला, माझी तक्रार नाही. फक्त त्याआधी कुणीतरी पान जरा वर सरकवा.