पिवळ्या घमेल्यातले पाहुणे

मित्रांनो, काठ फुटका असला तरी माझा रंग अजून पिवळाधमक आहे. मी बोरी अरबच्या बाजारातून आलेलं जुनं प्लास्टिकचं घमेलं. नेमसिंगचं घर बांधताना माझ्याशिवाय कोणाचं पान हलत नव्हतं. घर उभं राहिलं अन् माझी रवानगी गोठ्यामागे झाली. तिथं कोंबडी तेवढी विचारायची.

मग नेमसिंगच्या सुनेनं, शीलानं, मला घासलं, पाणी भरलं, चिमूटभर साबणचुरा टाकला आणि मिरचीच्या रोपांजवळ ठेवलं. पंखवाला मावा, म्हणजे पानांचा रस पिणारी बारीक कीड, माझ्या रंगाला कोवळं पान समजून उतरतो आणि बुडतो. तोच रोपांवर बसला तर रोग देऊन जातो. मग वर्षाची मिरची गेलीच म्हणा. म्हणून माझ्या पाण्यात मावा दिसेनासा झाला, तरच त्याला अडवायला रोपांवर अंथरलेली बारीक जाळी काढायची, असं तिनं ठरवलं होतं.

काय सांगू! तिळाहून लहान जीव, काचेसारखे पंख, आणि कुठल्याशा टेकड्यांपलीकडून वाऱ्यावर येणं! माझ्या पाण्यात आभाळ असायचं अन् त्या आभाळातूनच ते उतरायचे. मी बघतच राही.

पण शीलाची सासू सुखीबाई पडली इभ्रतीची. विहिरीवर जाणाऱ्या बाया डोकावतील म्हणून शीला यायच्या आधीच ती मला ओतून, लख्ख धुऊन पुन्हा भरायची. शेजारणींपुढे तिची शान राहिली. शीलापुढे माझी साक्ष खोटी ठरत होती.

एका संध्याकाळी शीला सासूला म्हणाली, "याडी, घमेलं साफच राह्यते. उद्या जाळी काढून टाकू."

सुखीबाईची भाकर तव्यावरच करपली.

सकाळी तिनं मला उचललं, पण न ओतताच पुन्हा खाली ठेवलं. शीलानं जाळीला हात घातला तशी ओरडली, "थांब वं! आंधी घमेल्यात पाह्य."

"बापा! मावाच मावा! मले रोज काहून नाही दिसला?"

"मीच फेकून देत होती. बाया म्हणतीन, सुखीबाईच्या वावरात किडे पडले."

"किडे का तुम्ही बोलावले? वाऱ्यानं आले."

सुखीबाईनं चष्मा पुसला, माझ्यावर वाकली. "एवढ्याशाले पंख! कुठून आला असशीन रे तू?"

जाळी राहिली, रोपं वाचली. आता सुखीबाई बायांना स्वतःच हाक मारते, "या वं, पाहा! तुमच्याच वावरातून आले असतीन."

मित्रांनो, मला धुवा, जरूर धुवा. फक्त ओतण्याआधी एकदा वाकून आत पाहा.