काचेच्या कपाटातली चुकांची वही

मी एक जुनी चुकांची वही आहे. अशा वेळी 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणते. बाकी तुमच्यापैकी कुणाशीही माझी मैत्री नाही. तुमच्याच वयाच्या एका मुलीने माझं जे केलं, ते विसरण्याइतकी मी भोळी राहिलेली नाही. सध्या मी शेवयांच्या एका गाडीवर लोणच्याच्या बरणीखाली पडलेली असते. बरणीच्या बुडाचा गोल तेलकट डाग माझ्या पुठ्ठ्यावर कायमचा बसला आहे. माझी कहाणी ऐका, पण हळहळू नका. मला ते आवडत नाही.

मी जन्मले तेव्हा कोरी होते, आणि कोऱ्या वहीला आशा फार असतात. आमच्या गठ्ठ्यातल्या एका वहीत कुणी कविता उतरवल्या, एकीत कुणी फुलं दाबून ठेवली. चीनमधल्या एका नदीकाठच्या शाळेसमोरच्या दुकानातून मला शिओंग पेइलान नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीने उचललं. घरी नेऊन तिने माझ्यावर चिठ्ठी डकवली: 'इंग्रजी. चुका.' संपली माझी आशा.

आमच्या तालुक्यात प्रत्येक मुलाकडे अशी एक वही असते. काळ्या शाईने प्रश्न लिहायचा, लाल शाईने बरोबर उत्तर आणि निळ्या शाईने आपण का चुकलो त्याचं कारण. इंग्रजीच्या यानबाई वर्गात सांगायच्या, "रोज पाच चुका लिहायच्या. शनिवारी तपासणार. ज्याच्याकडे पाच चुका नाहीत, त्याने आधी आपण माणूस आहोत की नाही ते तपासून यावं."

आता पेइलानचं सांगते. शब्दांना ती वाघीण होती. सकाळी सातला सगळा वर्ग मोठमोठ्याने शब्द घोकायचा, त्यात तिचा आवाज सगळ्यात वर. दोन हजार शब्द तिला उलटे, सुलटे, झोपेतून उठवून विचारले तरी येत. पण उतारा आला की ही बाई तो वाचायचीच नाही! आधी प्रश्न बघायची, प्रश्नातला शब्द उताऱ्यात कुठे दिसतो ते बोटाने शोधायची, त्याच्या आजूबाजूचे शब्द ज्या उत्तरात असतील ते निवडायची. काहीच जुळलं नाही, तर चार उत्तरांत तीन लांब आणि एक आखूड असेल तेव्हा आखूड निवडायचं, हा मुलांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उपाय होताच. बहुतेक वेळा उत्तर बरोबर यायचं. चुकलं, तर आपण का चुकलो हे तिला कळायचं नाही. कळण्यासाठी उतारा वाचावा लागला असता.

मग निळ्या शाईत लिहायचं काय? तिने सोपी वाट काढली. ज्या प्रश्नांची उत्तरं बरोबर आली होती, तीच माझ्यात चुकलेली म्हणून लिहायला लागली. 'मी बी निवडलं. बरोबर उत्तर सी. कारण: निष्काळजीपणा.' पुढच्या पानावर 'कारण: निष्काळजीपणा'. त्याच्या पुढेही तेच. अक्षर मात्र मोत्यासारखं, तिन्ही शाया ठळक, समास पट्टीने आखलेले. छापील उतारा पानावर डकवला की पान कुरूप दिसतं, म्हणून उतारा कापून फेकून द्यायची आणि नुसतं चित्र आणि प्रश्न तेवढे ठेवायची. मला तेव्हाच किळस यायला हवी होती.

पण खोटं कशाला बोलू? मला ते आवडलं. यानबाईंनी सगळ्यात सुंदर वही म्हणून मला निवडलं आणि वऱ्हांड्यातल्या काचेच्या कपाटात मांडलं. येणारीजाणारी मुलं थांबून बघायची. दर शुक्रवारी पेइलान मला घरी न्यायची, आठवडाभराच्या चुका एका बैठकीत पाडायची आणि शनिवारी मी पुन्हा काचेत. बाई माझ्यातल्या शाया मोजायच्या, पाचाचा आकडा मोजायच्या. वाचलं मला त्यांनीही कधी नाही. त्यांच्यावरचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

एकच मुलगी माझ्यावर जळायची, निदान मला तेव्हा तसं वाटायचं. पेइलानच्या शेजारी बसणारी वान शूची. आईवडील दूर दक्षिणेला कामाला, आणि ही आजोबांबरोबर नदीवर बदकं राखायची. तिच्या वहीची मला शिसारी होती. पानापानावर चिखल, खाडाखोड, अख्खे उतारे वेडेवाकडे डकवलेले, आणि निळ्या शाईत लांबच लांब काहीतरी खरडलेलं. दोघींनी बाकाच्या मधोमध कर्कटकाने रेघ ओढली होती. कोपर रेघेपलीकडे गेलं की टोचा बसायचा.

"महाराणींनी आज कुठल्या चुका केल्या?" शूची विचारायची.

"तू तुझी बदकं मोज," पेइलान म्हणायची. "एखादं कमी भरलं तर आजोबा तुलाच अंड्यावर बसवतील."

येताजाता शूची माझ्या कपाटाच्या काचेवर तोंडाची वाफ सोडून बोटाने लिहायची, 'खोटारडी'. वाफ उडून जायची, पण मला ते वाचता यायचं.

जूनमध्ये तालुक्याची परीक्षा होती. वर्गातली निम्मी मुलं त्यातून तालुक्याच्या पहिल्या शाळेत जाणार होती. उरलेल्यांना कामधंद्याची शाळा, नाहीतर दक्षिणेची गाडी. पेइलानचे वडील आठ वर्षं तिकडे एका कारखान्यात बुटांचे तळवे चिकटवत होते. आई पहाटेपासून शाळेच्या कोपऱ्यावर गाडीशी उभी राहून तांदळाच्या शेवयांत मिरचीचं तेल आणि शेंगदाणे कालवायची. "तळवे चिकटवणारा घरात एक पुरे," असं ती लेकीला दिवसातून दोनदा तरी ऐकवायची. मार्चमधल्या सराव परीक्षेत उतारे असे काढले होते की जुळणारा शब्द मुद्दाम चुकीच्या उत्तरात घातलेला. पेइलान तिथे सपशेल आपटली. घरी तिने सांगितलं, "निष्काळजीपणा झाला." आईने विश्वास ठेवला. कपाटात लेकीची वही असताना कुठली आई ठेवणार नाही?

एप्रिलमध्ये पालकांची सभा झाली. आमच्याकडे त्या दिवशी आईबाप आपापल्या मुलाच्या जागेवर बसतात आणि मुलं मागे भिंतीला टेकून उभी राहतात. पेइलानची आई गाडी बंद करून, केस दोनदा धुऊन आली होती, तरी मिरचीचा वास येतच होता. तिच्या शेजारी, रेघेपलीकडे, शूचीचे आजोबा रबरी बूट घालून बसले. यानबाईंनी मला कपाटातून काढलं आणि हातोहात फिरवलं. आजोबांनी बोट जिभेला लावून पान उलटलं आणि एका चित्रावर थांबले. चित्रात एक म्हातारा होता आणि एक बदक.

"हे बदक लंगडं आहे," आजोबा म्हणाले. "डाव्या पायाने. माझ्याकडेही होतं एक असंच."

"बरोब्बर पान काढलंत, आजोबा!" यानबाई खुलल्या. "पेइलान, ये पुढे. हे सांग सगळ्यांना."

पेइलान पुढे आली आणि मला न बघता घडाघडा म्हणाली, "या प्रश्नात मी बी निवडलं होतं. बरोबर उत्तर सी. कारण निष्काळजीपणा. लक्षात ठेवायचे शब्द: लंगडा, वादळ, तळं, रिकाम्या हाताने."

टाळ्या पडल्या. आईने आनंद लपवायला मान खाली घातली.

"पण पोरी," आजोबा म्हणाले, "बदक सापडलं का?"

"उत्तर सी आहे, आजोबा."

"ते ऐकलं मी. सी म्हणजे सापडलं का नाही सापडलं?"

कुणीतरी फिसकन हसलं. पेइलानने माझ्याकडे पाहिलं. माझ्या पानावर तीन रंग होते, आखलेला समास होता. बदकाचं काय झालं ते कुठेच नव्हतं.

"तसा प्रश्न विचारलेला नाही," ती म्हणाली.

"मग मी विचारतोय की! आमच्या बदकांच्या पिंजऱ्याचं दार वाऱ्याने उघडलं तर मी रात्रभर झोपत नाही. ह्या म्हाताऱ्याचं बदक हरवलं आणि तू मला शाया दाखवतेस?"

"सापडलं," भिंतीकडून शूचीचा आवाज आला. "तीन दिवस शोधत होता तो. मग दुसऱ्या गावातल्या तळ्यावर दिसलं. तिथल्या बदकांत मिसळलं होतं. तो काठावर बसून बघत राहिला आणि रिकाम्या हाताने घरी गेला." मग तिने पेइलानकडे बोट दाखवलं. "आणि बाई, हिच्या वहीत एकही चूक हिची नाही. बरोबर आलेली उत्तरं ही घरी जाऊन चुकीची करते. मी शेजारी बसते, मला दिसतात तिचे पेपर."

यानबाईंनी मला मिटलं. पेइलानच्या आईने आजोबांच्या बाजूला न बघता मला उचललं आणि लेकीचं मनगट धरून ती वर्गाबाहेर पडली. माझी काच तिथेच राहिली.

गाडीशी आल्यावर आईने विचारलं, "किती पानं खोटी आहेत?"

"आई, ते सगळेच..."

"सगळ्यांचं नको सांगूस. किती?"

"सगळी."

आईने मला लेकीच्या अंगावर फेकलं. मी शेंगदाण्यांच्या परातीत पडले. "इतके महिने मी लोकांना सांगत फिरले, माझ्या पोरीची वही बघून या म्हणून!" ती ओरडली. "जून तोंडावर आलाय. तिथे कोण तुझं अक्षर बघणार आहे?" मग ती भांडी आदळत कामाला लागली. पेइलान रडली. मला तिची मुळीच दया आली नाही. माझ्यात खोटं लिहिताना तिचं अक्षर एकदाही वाकडं झालं नव्हतं.

डोळे पुसल्यावर तिला तो उतारा वाचावासा वाटला, पण तो तिने कधीच कापून फेकला होता. तालुक्यात तो तिच्या माहितीत एकाच जागी होता: त्या चिखलाने भरलेल्या वहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी शूची गाडीवर आली ती आपणहून नाही. पेइलान तिला बोलवायला नदीवर गेली होती. काय बोलली ते मला माहीत नाही. परत आली तेव्हा तिचे बूट ओले होते आणि चेहरा लाल.

"वही देते," शूची बाकड्यावर बसत म्हणाली. "पण इथेच वाचायचं, माझ्यासमोर. आणि मला दोन वाट्या शेवया. एकीत लोणचं जास्त."

पेइलानने त्या दिवशी पहिल्यांदा एक उतारा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. पाऊण तास लागला तिला. एकेक शब्द येत होता, आणि तरी वाक्यापाशी ती अडत होती. शूची मुद्दाम आवाज करत शेवया ओढत होती आणि मधून मधून म्हणत होती, "महाराणी, पुढे सरका."

"त्याने बदक परत का आणलं नाही?" शेवटी पेइलानने विचारलं.

"ते तिथे खूश होतं म्हणून."

"असं कुठे लिहिलंय? त्याने हाक मारल्यावर बदकाने मान वर केली, इतकंच आहे इथे. ती ओळखीने वर केली असेल."

"ओळखलं असतं तर आलं असतं!"

"लंगडं आहे ते, मूर्ख! कसं येणार?"

पेइलानच्या आईचा झारा हातातच राहिला. "आणि म्हातारा?" तिने विचारलं. "तो घरी जाऊन काय करत होता, ते आहे का?"

दोघी एकदम वहीवर वाकल्या. डोक्याला डोकं आपटलं आणि दोघींनी एकमेकींना शिव्या घातल्या.

त्या संध्याकाळी पेइलानने माझं शेवटून दुसरं पान उघडलं. काळ्या शाईत लिहिलं, 'बदक सापडलं का?' लाल शाईत लिहिलं, 'सापडलं, पण म्हाताऱ्याने ते आणलं नाही.' निळी शाई हातात घेतल्यावर तिने पट्टी बाजूला सारली. मग लिहिलं, 'कारण: मी गोष्ट वाचलीच नव्हती.' अक्षर वाकडं आलं होतं. 'नव्हती'वर शेंगदाण्याच्या तेलाचं बोट उमटलं. मित्रांनो, माझ्या अंगावर पहिल्यांदाच काहीतरी खरं लिहिलं गेलं होतं. मला वाटलं, आता कुठे मी वही झाले.

सकाळी तिने ते पान माझ्यातून फाडलं. एक नवी, पातळ, स्वस्तातली वही आणून तिच्या पहिल्या पानावर ते डकवलं, आणि मला आईच्या हातात दिलं. आईने मला बरणीखाली घातलं, कारण गाडीची तेवढी फळी वाकडी होती.

पुढचे दोन महिने मी खालून सगळं ऐकलं. रोज दुपारी दोघी एक उतारा घेऊन बसायच्या आणि आत काय घडलं यावरून कडाकडा भांडायच्या. गिऱ्हाइकं वाटी हातात धरून ऐकत उभी राहायची. मैत्री त्यांची कधीच झाली नाही. जुलैत तालुक्याच्या पहिल्या शाळेची यादी लागली, तेव्हा पेइलानचं नाव तळातून चौथं होतं. शूची तिच्या बरंच वर होती, आणि नव्या शाळेत पहिल्याच दिवशी दोघींनी एकमेकींपासून लांबची जागा मागून घेतली. पेइलानच्या आईने त्या दिवशी बरणी उचलून मला फडक्याने पुसलं आणि पुन्हा बरणी ठेवली.

तेव्हा मला कव्हर घाला, माझे कोपरे जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्याइतकी कुणाची निगा राखली गेली नसेल. तुमच्या दप्तरात माझी एखादी बहीण असेल, तर तिच्यात तुमची एक खरी चूक लिहा, वाकड्या अक्षरात लिहिलीत तरी चालेल, आणि पान तिच्यातच राहू द्या. माझी बाकी सगळी पानं अजून शाबूत आहेत, सुंदर आहेत. वारा आला की ती फडफडतात, आणि शेवटाकडे जिथून ते एक पान गेलं, तिथली फाटकी कड बोटाला लागते.