आत्याची केळी आणि शेजारची खाट

घड्याळजींच्या किडन्या संपावर गेल्या, तसा भेटायला येणाऱ्यांचा केळ्यांवरचा विश्वास उफाळून आला. ज्याच्या त्याच्या हातात फणी आणि तोंडात व्याख्यान. केळ्याने पोट साफ राहतं, अंगात ताकद येते. मेव्हण्यांनी तर केळ्याने स्वभावही सुधारतो असं सांगितलं. ते स्वतः खात नसावेत.

डॉक्टरीणबाईंनी मात्र केळ्याला बंदी घातली होती. त्यात पोटॅशियम फार, ते तुमच्या किडन्यांना बाहेर टाकता येत नाही, हृदयाची लय बिघडेल, असं त्या म्हणाल्या. बिघडलेल्या टिकटिकीवरच पोट भरलेल्या माणसाला एवढं पुरेसं होतं. बाकीच्यांना घड्याळजींनी सरळ नकार दिला. पंचाईत आत्याच्या बाबतीत होती. आई गेल्यावर तिनेच त्यांना दुधात केळं कुस्करून भरवत वाढवलं होतं. आपलं केळं भाच्याला बाधेल, हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं?

दुपारी ती आलीच. पिशवीत पिकलेली केळी, डब्यात कच्च्या केळ्याचे परतलेले काप. खुर्ची ओढून तिने एक केळं सोललं आणि त्यांच्या तोंडाशी धरलं. जुन्या सवयीने घड्याळजींचं तोंड उघडलंसुद्धा.

शेजारच्या खाटेवर एक ट्रक ड्रायव्हर होता. जुलाबांनी त्याच्या अंगातलं पोटॅशियम पार धुऊन नेलं होतं, पोटऱ्यांत गोळे येत होते. त्याला डॉक्टरीणबाई रोज केळी खा म्हणून बजावत, पण आणून द्यायला या गावात त्याचं कुणी नव्हतं.

"आजी," तो म्हणाला, "केळं त्यांना चालत नाही. मला चालतं."

आत्याचा हात तिथेच थांबला. तिने भाच्याकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"मग बोलायला काय झालं होतं, गाढवा? मी काय तुला मारायला आले होते?"

तिचे डोळे भरले. पण सोललेलं केळं हातात घेऊन फार वेळ रडता येत नाही. तिने पदराने नाक पुसलं, खुर्ची फिरवली, ते ड्रायव्हरच्या हातात दिलं आणि कापांचा डबाही त्याच्यापुढे उघडला. मग आई आहे का, लग्न झालंय का, गोळे नेमके कुठे येतात, अशी रीतसर उलटतपासणी सुरू झाली. तो भरल्या तोंडाने उत्तरं देत होता. काप तिखट झालेत, उद्या बेताचं तिखट घालून आणते, असंही तिने त्याला न विचारता ठरवून टाकलं.

घड्याळजी तिच्या पाठीकडे बघत पडून राहिले. आत्याच्या आवाजात तिचा नेहमीचा दरारा परत आला होता. या भल्या माणसाचे उपकार कसे फेडावेत, त्यांना कळेना. त्याचे पाय लवकर बरे होवोत, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. फक्त फार लवकर नको.