बावीस दातांची चढण

“चढावर बोलायचं नाही, पोरी. श्वास पायांना लागतो.”

वडील सायकलचं सीट मागून धरून धावायचे, आणि एवढं सांगून स्वतः मात्र धापा टाकत बोलतच राहायचे. त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. चाकाचे आरे कसायला मी पाढ्यांच्या आधी शिकले. लग्नानंतर हातातला पाना सुटला, जपमाळ आली. उठल्यापासून सकाळी दहापर्यंत मौन, हा माझा वीस वर्षांचा नेम. त्याचं पुण्य मला किती लागलं ते देव जाणे, फायदा मात्र आमच्या ह्यांना झाला. घरातले सगळे नाजूक निर्णय हे दहाच्या आत विचारून घेतात.

यंदा धाकट्या भावजींनी डोंगरात फिरवायला सायकल बांधायला घेतली. भलीथोरली चाकं, पुढचा चिमटा ताठ, शॉकअप नाही, गिअर एकच.

“एकच? बाकीचे चोरीला गेले की काय?” सासूबाईंनी विचारलं.

“आई, मोडण्यासारखं काही ठेवलंच नाही तिच्यात.”

सायकल मोडली नाहीच. माळ्यावरून टायर काढताना स्टूल कलंडलं आणि भावजींच्याच मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, वॉकर आला, पण भावजी पाय जमिनीला टेकवेनात. आणखी आठवडाभर असेच पडून राहिलात तर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हा त्यांनी अट घातली.

“दादा, माझी सायकल समोरच्या पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर न उतरता चढवून दाखव. ती वर पोचलेली खिडकीतून दिसली की मी उभा राहतो.”

“चढवली समज!” हे म्हणाले. ह्यांनी तोवर चढलेली सगळ्यात उंच जागा म्हणजे आमची गच्ची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हे मागच्या चाकाची फ्रीव्हील, म्हणजे चेन बसते ती दातेरी चकती, घेऊन माझ्यासमोर आले. “सोळा दातांची लावतो. झोकात दिसते. बरोबर ना?”

मी मान जोरजोरात हलवली. नाही, नाही, नाही! हे खूश होऊन गेले.

पहिल्या दिवशी हे पहिल्याच वळणावर उतरले. दुसऱ्या दिवशी झुडपातून बाहेर आले. तिसऱ्या दिवशी मनगट लचकवून, सायकल ढकलत घरी आले, तेव्हा नशिबाने दहा वाजून गेले होते.

“अहो, सोळा दात चढाला जड पडतात. बावीसची लावा, पाय हलके फिरतील.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“मान हलवली होती की. तुम्हाला कळलं असंच धरून चालले मी.”

“मला वाटलं, जप रंगात आलाय!”

“मी तर हिची मान हलली की चहा टाकते,” सासूबाई म्हणाल्या.

सगळे हसले. भावजी तेवढे भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी चहा घेऊन गेले.

“राहू दे, वहिनी. तीही चढत नाही, मीही उठत नाही.”

त्यांचा पाय चादरीखाली काठीसारखा बारीक दिसत होता.

“उद्या चढेल,” मी म्हणाले.

“दादाचं मनगट गेलं. नेणार कोण?”

“माझा शब्द आहे, भावजी. उद्या सकाळी खिडकीकडे तोंड करून बसा.”

पहाटे आंघोळ, पूजा उरकली आणि मी भावजींचा हत्यारांचा डबा उघडला. तळाशी कागदात गुंडाळलेली बावीस दातांची फ्रीव्हील होती. वर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘टेकडीसाठी’. ह्यांनी वरचाच कप्पा पाहिला होता. जुनी फ्रीव्हील काढली, नवी बसवली, चेनीत दोन कड्या वाढवल्या, चाक मागे ओढून ताण बघितला. बोटांना सगळं आठवत होतं. सीट खाली घेतलं, ओढणी कमरेला घट्ट बांधली.

फाटकाशी पोचते तोच हे मनगटाला पट्टी बांधून दारात आले.

“अगं, कुठे निघालीस? आणि ही सायकल? अगं, बोल की!”

सात वाजले होते. मी टेकडीकडे बोट दाखवलं.

“पडशील! ऐकतेस का? आई, बघ ही कुठे निघालीय!”

आतून सासूबाई म्हणाल्या, “जाऊ दे रे तिला. खिडकीतला वॉकर बाजूला घे आधी, धाकट्याला दिसत नाहीये.”

मी मान हलवली, या वेळी हो म्हणून, आणि पायडल मारलं. उजव्या पायाला एक नाम, डाव्या पायाला एक नाम. चढ सुरू झाला.